वाशीतल्या एका शाळेची शिस्त: पाचपैकी तीन तारे

नववीच्या दोघांनी गंमत म्हणून जिन्यातल्या अग्निशामक सिलिंडरची पिन ओढून पावडर उडवली. शिक्षा: रिफिलिंगचा खर्च, साफसफाई, आठवडाभर निलंबन.

खर्च रास्तच. एबीसी पावडर (सिलिंडरमधली आग विझवणारी कोरडी भुकटी) दोन सेकंद जरी सुटली तरी कण व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे झडप जिथे घट्ट बसते तिथे, अडकतात, दाब हळूहळू गळतो, दाबमापकाचा काटा हिरव्यातून लाल पट्ट्यात उतरतो आणि ऐन आगीत सिलिंडर दगा देतो. साफसफाईत मात्र शाळाच चुकली, थेट पाणी ओतायला लावलं! ही पावडर ओली झाली की चिकटते, धातू गंजवते. आधी मास्क लावून कोरडीच गोळा करायची, मग ओलं फडकं.

निलंबन, तेही घटक चाचणीत? नाही पटलं. त्यापेक्षा महिनाभर दर सोमवारी सगळ्या मजल्यांवरचे काटे तपासून वहीत नोंदवायला लावायचं होतं.