थंडीतलं रात्रीचं जेवण: तक्ता लावावा, मंडई बघावी की रविवारी राबावं?

दिवाळी झाली आणि भाचा-भाचेसून कोल्हापुरात राहायला आले. दोघांची नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, भाड्याचा फ्लॅट राजारामपुरीत, घरी पोचायला साडेसहा. पंधरा दिवसांत पाच वेळा बाहेरून मागवून झाल्यावर सूनबाईंचा फोन आला. "मामा, तुमच्यात संध्याकाळचा स्वयंपाक तुम्हीच करता ना? मग रोज काय करायचं ते कसं ठरवता? तक्ता करून ठेवता की बाजारात दिसेल ते आणता?"

फोनवर अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं इथं लिहितोय, कारण गेल्या तीन हिवाळ्यांत मी तीन रीती करून बघितल्यात. आमच्यात चार माणसं. बायकोची नोकरी इचलकरंजीला, ती आठला घरी येते. मुलगा कॉलेजात, आई पंच्याहत्तरीची. मी सहाला मोकळा होतो आणि साडेआठला ताटं मांडायची असतात.

तिन्ही रीती तोलताना एक गोष्ट धरून ठेवा: थंडीतली भाजी शिजायला वेळ घेत नाही, निवडायला घेते. उन्हाळ्या-पावसाळ्यात दोडका, दुधी, भेंडी असते. चिरली की फोडणीला टाकली. दिवाळीनंतर मंडईत येतं ते मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा पाला, मटार, पावटा, वरणा, तुरीच्या शेंगा. चवीला वर्षातलं सगळ्यात चांगलं आणि स्वस्तही, पण सगळं खुडायचं, सोलायचं, निवडायचं. त्यामुळं "आज काय करायचं" याच्या आधी "निवडणार कोण आणि कधी" हे ठरवावं लागतं.

तक्ता

पहिल्या हिवाळ्यात फ्रिजवर कागद चिकटवला. सोमवारी मेथी-भाकरी, मंगळवारी अख्खा मसूर, बुधवारी अंडी, गुरुवारी मुगाची खिचडी, शुक्रवारी पिठलं, शनिवारी वांगं, रविवारी तांबडा-पांढरा. तसं बघितलं तर वार पाळणाऱ्या घरात निम्मा तक्ता आधीच लागलेला असतो. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्यात मटण-अंडी नाहीत, आणि मार्गशीर्ष लागला की आई महिनाभर अंड्याचं टरफलसुद्धा घरात दिसू देत नाही. तेव्हा बुधवारी मटकीची उसळ घुसवावी लागली, एवढाच बदल.

तक्त्याचा खरा फायदा डोक्याला. दुपारी साडेतीनला "आज काय" ही जी भुणभुण सुरू होते, ती थांबली. मसूर सकाळी निघतानाच भिजत पडायचा. किराणा महिन्याचा एकदाच. ज्या दिवशी कडधान्य किंवा डाळ, त्या दिवशी तक्ता बिनचूक चालला.

फसला तो भाजीच्या दिवशी. एका सोमवारी मेथी जून, दांडे जाड, तुरे फुटायला आलेले. शेजारच्या पाटीत कोवळी काटेरी वांगी चमकत होती. तरी मी कागदाला जागून मेथीच उचलली. भाजी कडू झाली आणि ती का आणली याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. जानेवारीपर्यंत मुलगा जिन्यातूनच वासावरून वार सांगायला लागला, तेव्हा कागद काढला.

मंडई

दुसऱ्या हिवाळ्यात ठरवलं, बाजार सांगेल ते करायचं. कामावरून सुटून कपिलतीर्थ मंडई. ज्यांनी थंडीतली मंडई संध्याकाळी बघितली नाही त्यांना काय सांगावं! दिव्याखाली पाण्याचा शिपका मारलेल्या पालेभाज्या, पाट्यांवर हिरव्यागार शेंगांचे ढीग, आणि "घ्या दादा, शेवटच्या दोन पेंड्या" असं म्हणणारी मावशी. तिच्या मागं पोत्यात अजून वीस पेंड्या असतात, हे आपल्यालाही दिसत असतं. तरी आपण घेतो.

एका बुधवारी मी अर्धा किलो पावट्याच्या शेंगा, हरभऱ्याची एक पेंडी आणि मेथीच्या दोन घेऊन आलो. सात वाजता सोलायला बसलो. पावट्याची शेंग वरून मऊ दिसते, पण शिरेला नख लावल्याशिवाय उघडत नाही. चाळीस-पन्नास शेंगांनंतर अंगठ्याचं टोक हुळहुळायला लागतं. अर्धा किलो शेंगांतून दाणे निघाले जेमतेम दीड वाटी, त्यातले किडके बाजूला. पावणेआठ वाजले. मग हरभरा. त्याच्या पाल्यावर आंब असते, खुडताना बोटं आंबट-चिकट होतात आणि कुठं कापलं असेल तर चुरचुरतात. आमची आई हरभऱ्याची भाजी न धुताच करायची, धुतली की आंब जाते आणि चवही जाते म्हणून. आता शेतावर फवारे कशाकशाचे असतात, मी धुतोच. थोडी चव जाते, जाऊ दे.

त्या रात्री आम्ही साडेनऊला जेवलो. आमटी अप्रतिम झाली होती. मुलानं तोवर बिस्किटाचा पुडा संपवला होता आणि आई म्हणाली, "एवढ्या वेळात माझं दोन वेळचं रांधून झालं असतं." मेथीच्या दोन्ही पेंड्या शनिवारी पिवळ्या पडल्या आणि कचऱ्यात गेल्या. मंडईची रीत अशीच महाग पडते. भाजी स्वस्त म्हणून आपण तीन प्रकार आणतो, हात एकालाच पुरतात.

पण चवीत हिला तोड नाही, हेही लिहून ठेवतो. भोगीला वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा, तीळ अशी मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतो, ती काही कोणत्या तक्त्यात बसून होत नाही. बाजारात त्या दिवशी काय बरं आहे त्यावर ती ठरते.

रविवारची तयारी

तिसऱ्या हिवाळ्यात रविवारी दोन तास राबून आठवडा मोकळा करायचा प्रयोग केला. यात आपल्या गावाला एक फायदा आहे. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली चटणी, म्हणजे परगावचे ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात ती, घरात बरणीभर असतेच. म्हणजे निम्मं वाटण मे महिन्यातच झालेलं असतं. रविवारी सुकं खोबरं, कांदा, तीळ भाजून, आलं-लसूण-कोथिंबीर घालून पाण्याविना वाटलं तर फ्रिजमध्ये चार दिवस छान राहतं. एक चमचा वाटण, एक चमचा चटणी, शिजलेला मसूर. कालवण पंधरा मिनिटांत.

काय टिकतं आणि काय नाही हे मात्र चुका करून कळलं. सोललेला मटार डब्यात घालून फ्रीजरला टाकला की महिनाभर चिंता नाही. निवडलेली मेथी न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून तीन दिवस राहते. चिरून ठेवली तर दुसऱ्या दिवशी काळपट. सोललेला पावटा दोन दिवस बरा, मग वास धरतो. मटकीचं गणित थंडीत बदलतं. मे महिन्यात रात्री बांधली की सकाळी मोड येतात. डिसेंबरात रविवारी सकाळी भिजवून रात्री बांधलेली मटकी मंगळवारी संध्याकाळी कुठं मोडाला येते, तीही कोमट कुकरात झाकून ठेवली तर. त्यामुळं रविवारची मटकी मंगळवारची उसळ असंच धरायचं. सोमवारी तिच्यावर विसंबलात तर पिठल्यावर याल.

या रीतीत खटकतं ते एकच: रविवार जातो. आधीच सकाळ मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत, मग रस्सा, मग जेवून जी झोप येते ती. त्यानंतर चारला उठून लसूण सोलायला बसायचं म्हणजे जिवावर येतं. मी सहा रविवार नेटानं केलं. सातव्याला क्रिकेटची मॅच होती.

डबा लावणं हा चौथा पर्याय आम्ही महिनाभर करून बघितला. माणूस एकटा असेल तर ठीक आहे. आम्हाला रोज तीच बटाट्याची पातळ भाजी आली आणि थंडीत सातला आलेला डबा साडेआठला गार. दोघं असाल तर यात पडू नका.

भाकरी की भात

हा प्रश्न वरच्या तिन्ही रीतींना लागतो. थंडीत भाकरी गोड लागते यात वाद नाही, पण ती तव्यावरून ताटात आली तर. गार झाली की वातड होते आणि बाजरीची तर बुट्टीत ठेवल्या ठेवल्या कडक. हात बसलेला असेल तर दोघांच्या चार भाकऱ्या वीस मिनिटांत होतात. बसलेला नसेल तर चाळीस, वर ओट्यावर पीठ. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. तेव्हा उकळत्या पाण्यात पीठ मळा, सावरतं. बाजरीचं पीठ पंधरा दिवसांवर ठेवू नका, कडवट होतं. दळण थोडं थोडं आणा. एक किलोत मध्यम बारा-तेरा भाकऱ्या होतात, त्यावरून हिशोब करा.

भाताला कुकर पुरतो. खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, वर तूप. तांदूळ साधा घ्या. आजरा घनसाळ असला तर तो खिचडीत घालवू नका. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय ते त्या वासासाठी, आणि तो वास नुसत्या भातावर आमटी घेतली की कळतो. शिकाऊ हातांना माझं सांगणं: कामाच्या पाच दिवसांत तीनदा भात, दोनदा भाकरी. त्या दोन दिवसांतही एखाद्या दिवशी गल्लीतल्या पोळी-भाकरी केंद्रातून भाकरी आणली तर कुणी फाशी देत नाही.

मग कुणी काय करावं

घरात आई, सासू, आत्या अशी दुपारी मोकळी असणारी आणि निवडायला हौसेनं बसणारी माणसं असतील तर डोळे झाकून मंडई. आमच्या आईला अलीकडं मी सकाळीच शेंगा आणून देतो, ती उन्हात बसून सोलते, आणि दुसऱ्या हिवाळ्यातली सगळी तक्रार मिटली. एकटं राहणाऱ्यानं रविवारची तयारी करावी. एकाच्या पुरतं वाटण अर्ध्या तासात होतं.

आणि सूनबाई, तुमच्यासारख्या दोघांनी तक्ता लावावा, पण पदार्थांचा नको, कष्टांचा लावावा. सोमवार आणि गुरुवार बिननिवडणीचे: खिचडी, पिठलं, मसूर, नाहीतर हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्या. मंगळवारी मोडाची उसळ. बुधवारी मंडई, पण सोलायचा-निवडायचा जिन्नस एकच आणायचा. पावटा घेतला तर मेथीकडं बघायचंसुद्धा नाही. आणि सोलायला दोघांनी बसायचं. भाचा "मला जमत नाही" म्हणेल, त्याला मटारापासून सुरुवात करून द्या. शुक्रवारी अंडी. शनिवारी वांगं भाजून भरीत, त्याला सोलणं असं नाहीच, भाजलं की साल आपोआप सुटते. रविवारचं तुमचं तुम्ही बघा, फक्त रस्स्यासाठी वाटण करणारच आहात तर दुप्पट करा.

एखाद्या दिवशी यातलं काहीच जमणार नाही. त्या दिवसासाठी गुऱ्हाळं सुरू झाली की नव्या गुळाची एक लहान ढेप घरात आणून ठेवा आणि येताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून म्हशीचं ताजं दूध घ्या. गरम दुधात गूळ विरघळवू नका, दूध नासायची भीती असते. भाकरी चुरून, कोमट दूध ओतून, गूळ वरून किसून घ्यायचा.