अकिलिसच्या दुखण्यावर टीबी-५०० की पायरीवरचा व्यायाम?

अकिलिसचं, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या टेंडनचं, दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळलं की धावणाऱ्यांपैकी कुणीतरी हळूच सांगतं, "टीबी-५०० टोचून बघ." दुसरीकडे फिजिओ म्हणतो, पायरीच्या कडेवर उभं राहा आणि टाच खाली सोड. मी फिजिओच्या बाजूचा आहे, पण कुपीमागचं विज्ञान म्हणजे निव्वळ थाप नव्हे.

टीबी-५०० हे इंजेक्शन थायमोसिन बीटा-४ च्या नावावर विकलं जातं. थायमोसिन बीटा-४ हे ४३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड (छोटं प्रथिन) आपल्या बहुतेक पेशींत असतं. वासराच्या थायमस ग्रंथीतून मिळालं म्हणून हे नाव. त्याचं मुख्य काम मात्र अ‍ॅक्टिन सांभाळण्याचं. पेशीचा सांगाडा अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या माळांचा असतो. थायमोसिन सुटे मणी मुठीत धरून ठेवतं, प्रोफिलिन हे दुसरं प्रथिन ते त्याच्याकडून घेऊन माळेच्या टोकाला ओवतं. मण्यांचा असा साठा हाताशी असला की पेशी पाय पुढे टाकत जखमेकडे सरकू शकते. रक्तातल्या प्लेटलेट्समध्येही हे पेप्टाइड भरपूर असतं.

पण डोपिंग प्रयोगशाळांनी टीबी-५०० तपासलं, तेव्हा सापडला तो या ४३ पैकी फक्त सातांचा तुकडा! शिवाय मूळ पेप्टाइडच्या माणसांवरच्या चाचण्या प्रामुख्याने डोळ्यांचे थेंब आणि त्वचेच्या व्रणांवरचं जेल यांच्या. टेंडनसाठी हाताशी आहेत ते मुख्यतः प्राण्यांवरचे प्रयोग. आणि पेशींची हालचाल, नव्या रक्तवाहिन्या हे कर्करोगाच्या गाठीलाही हवंच असतं. काही गाठींत थायमोसिन बीटा-४ वाढलेलं आढळलं आहे.

स्पर्धेत उतरत असाल तर प्रश्नच मिटला. वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत थायमोसिन बीटा-४ आणि टीबी-५०० दोन्ही निषिद्ध आहेत. ऑस्ट्रेलियात एसेंडन फुटबॉल क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंवर २०१६ मध्ये थायमोसिन बीटा-४ पायी बंदी आली.

व्यायामाची कहाणी साधी. १९९८ मध्ये स्वीडनच्या हॉकन आल्फ्रेडसन यांनी १५ हौशी धावपटूंना १२ आठवडे रोज १८० वेळा टाच खाली सोडायला लावली: गुडघा सरळ आणि वाकवून, प्रत्येकी १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा. वर येताना भार चांगल्या पायावर. सगळे पुन्हा पळू लागले. अभ्यास छोटा होता आणि पुढच्या अभ्यासांत यश इतकं शंभर टक्के दिसलं नाही, तरी हा व्यायाम किमान माणसांच्या अकिलिसवर तपासलेला आहे. सुरुवातीला दुखतं, कंटाळा तर येतोच. दुखणं थांबलं की सॅकमध्ये वजन टाकून पुढे जायचं.

एक पथ्य मात्र पाळा. दुखणं टेंडनच्या मध्यावर नसून टाचेच्या हाडाशी असेल, तर टाच पायरीखाली सोडू नका. सपाट जमिनीवरच थांबा.