जुन्या बाजारातली स्प्लिट केन: आठ महिने वापरल्यावर

जुन्या बाजारातून एका रविवारी चौदाशे रुपयांना घेतलेली तीन तुकड्यांची मासेमारीची बांबूची काठी आता आठ महिने वापरात आहे. दुरुस्तीचे दोन महिने वेगळे. मासे किती मिळाले ते नंतर सांगतो, आधी माझा मूर्खपणा.

विकणारा म्हणाला, "साहेब, हार्डी आहे, ओरिजनल." हार्डी म्हणजे काठ्या बनवणारी नामांकित इंग्रज कंपनी, आणि जुन्या बाजारात सगळ्याच काठ्या हार्डी असतात. तरी मी नीट पाहिली. बुडाच्या टोकाशी सहा त्रिकोणी पट्ट्या मधोमध भेटताना दिसल्या, म्हणजे अख्खा बांबू नव्हे, पट्ट्या चिकटवून केलेली खरी स्प्लिट केन. पेरं एका रेषेत नव्हती, पट्टीगणिक पुढेमागे सरकवलेली होती. पेर हाच बांबूचा कच्चा भाग, त्यामुळे बनवणाऱ्याने मन लावून काम केलं होतं हे कळलं. तिन्ही तुकडे शेजारी धरले तर शेंडा दीड इंच आखूड निघाला, कधीतरी मोडलेला. मग एकेक तुकडा कानाशी धरून हलका वाकवला. आतला सरस सुटला असेल तर बारीक टकटक येते. ती आली नाही. शेंड्याची खोट दाखवून तीन हजारांचे चौदाशे केले.

घरी आल्यावर ते काळपटलेलं व्हार्निश बघवेना. पॉलिश पेपर घेतला आणि दुपारभर घासत बसलो. मुठीच्या वर एक डाग होता, तोही काढला. रात्री बाजारात मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून पाहिला, तर तो डाग नव्हताच. शाईने लिहिलेली अक्षरं होती. शेवटचं 'रेडिच' तेवढं वाचता आलं. रेडिच हे इंग्लंडमधलं सुया आणि गळांचं गाव, ऑलकॉक आणि मिलवर्ड हे मासेमारीचं सामान बनवणारे तिथलेच. हार्डी अ‍ॅनिक गावचे. म्हणजे हार्डी नाही एवढं समजलं, पण कोणाची हे मी माझ्याच हाताने पुसून टाकलं होतं. वर आणखी एक नुकसान: बांबूची ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते आणि पॉलिश पेपर तेच खातो. ओल्या फडक्याने पुसून त्यावर व्हार्निशचा एक पातळ हात दिला असता तरी भागलं असतं.

मधल्या जोडाची धातूची नळी बांबूवर गरगर फिरत होती. ठोकून घट्ट करून घ्यावी म्हणून तांबट आळीत गेलो. तिथल्या काकांनी नळी नखाने वाजवली आणि परत हातात दिली. "पितळ नाही हे, जर्मन सिल्व्हर. ठोकलं तर चिरेल. आतली लाख सुकलीय, ती बदल." नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त. नळी मेणबत्तीवरून दुरूनच फिरवून गरम केली, काढली, नवी लाख लावून बसवली. अजून हललेली नाही.

तंगूस ज्यातून ओवतात त्या कड्या काठीला बांधायला रेशीम हवं होतं, ते पटवेकऱ्याकडे मिळालं. "दागिना कुठला गाठवायचाय?" "काठी." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि लडी पुढे केली. एक ध्यानात ठेवा, व्हार्निश लागलं की रेशमाचा रंग बदलतो. माझं लाल जवळजवळ काळं झालं, पिवळं तर दिसेनासंच झालं. आधी पेन्सिलीवर गुंडाळून बघा.

आता वापर. घरच्या वजनकाट्यावर ही ४१० ग्रॅम भरते, माझी कार्बनची काठी हिच्या निम्मी. दोन तासांत मनगट बोलू लागतं. पण मासा लागल्यावर ही बुडापर्यंत वाकते आणि तंगुसाला झटका बसू देत नाही. पवनेच्या बॅकवॉटरला दोन किलोचा रोहू काढला तेव्हा बारीक तंगूस तुटला नाही, त्याचं श्रेय काठीलाच. सतरा फेऱ्यांत अकरा मासे, बहुतेक तिलापिया. ज्या महसीरसाठी इंग्रज इथे अशा काठ्या घेऊन यायचे, त्यातल्या आपल्या दख्खनी जातीला सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये खुद्री हे नाव दिलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. संगम पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, तेव्हा हे आठवतं.

तक्रारी दोनच, आणि दोन्हींचं मूळ मीच. मे महिन्यात काठी बंद गाडीत दुपारभर राहिली. उन्हाने जुना सरस मऊ पडतो. शेंड्याजवळ एक पट्टी केसभर उघडली, ती पुन्हा चिकटवून दोऱ्याने आवळावी लागली. दुसरं, पावसाळ्याआधी तिन्ही तुकडे कोपऱ्यात टेकवून ठेवले होते, त्याने शेंड्याने बाक धरला. आता कापडी पिशवीत कपाटाच्या आत खिळ्याला टांगतो. बाकावर उपाय म्हणजे शेंड्याच्या कड्या सोडून विरुद्ध बाजूला बांधायच्या, म्हणजे वापरताना ताण उलटा येतो. गणपती झाले की करीन. लाल रेशीम उरलंय.