स्टेशनचा खरा पायी पल्ला मोजताना: ओआरएस टूल्स कितपत कामाचं?

स्टेशन परिसराच्या आराखड्यात ८०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ मारायचं आणि आतलं सगळं ‘चालत येण्याजोगं’ धरायचं, ही सवय अजून सुटलेली नाही. मधे रूळ, नाला, कुंपण काहीही असो. ओआरएस टूल्स हे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरचं मोफत प्लगइन (जोड-साधन) हे वर्तुळ पुसून प्रत्यक्ष रस्त्यांवरून पल्ला काढतं. मागे काम करते ती हायडेलबर्गच्या हायगिट संस्थेची ओपनरूटसर्व्हिस ही मार्ग शोधणारी सेवा, नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून भरलेला खुला.

सेवेकडे नोंदणी करून मिळालेली ‘एपीआय की’ (वापराचा सांकेतिक शब्द) प्लगइनच्या सेटिंगमध्ये टाकायची. मग ‘आयसोक्रोन्स फ्रॉम लेयर’ (थरातल्या बिंदूंपासूनचा पल्ला काढणारं साधन), फूट-वॉकिंग म्हणजे पायी चालण्याचं प्रोफाइल, आणि मोजमाप अंतरात, मीटरमध्ये: ४००,८००. वेळ निवडली तर चालण्याचा वेग ताशी ५ किमी धरला जातो, म्हणजे १० मिनिटांना साधारण ८३३ मीटर. ८०० च्या वर्तुळाशी ती तुलना बसत नाही. स्मूदिंग (आकाराची कड गुळगुळीत करणं) शून्याजवळ ठेवा, नाहीतर न पोहोचणारी घरंही गुळगुळीत कडेच्या आत येतात. क्षेत्रफळ काढताना थर अक्षांश-रेखांशात आहे हे विसरलात, तर आकडा चौरस अंशांत येऊ शकतो.

पल्ल्याच्या क्षेत्रफळाला वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागा. काटकोनी, दाट रस्त्यांच्या आदर्श जाळीतही ८०० मीटर चालून १.२८ चौरस किमीच मिळतात, वर्तुळ २.०१ चं. म्हणजे कमाल ६४ टक्के. त्यामुळे ६० च्या आसपासचा आकडा उत्तमच समजा. तिशीच्या खाली गेला, तर कुठेतरी मोठा अडसर आहे.

सगळ्यात जास्त चुका आरंभबिंदूत होतात. नकाशातला स्टेशनचा ठिपका बहुधा फलाटाच्या मध्यावर असतो, आणि प्लगइन तो जवळच्या रस्त्याला चिकटवतं. तो रस्ता रुळांच्या भलत्याच बाजूचा असला की सगळा आकार खोटा. प्रत्येक प्रवेशद्वाराचा वेगळा बिंदू द्या, आलेले आकार डिझॉल्व्हने एकत्र करा आणि तुलनेची वर्तुळंही त्याच बिंदूंवरून काढा. दुसरी गफलत दुभाजकाची: रुंद रस्ता नकाशात एकाच रेषेने काढला असेल, तर प्लगइनच्या लेखी तो हवा तिथे ओलांडता येतो. उलट, गल्लीबोळ आणि पादचारी पूल नोंदलेलेच नसतील, तर पल्ला उगाच आखूड दिसतो. आधी प्रत्यक्ष फिरून नकाशा दुरुस्त करा. दुरुस्ती सेवेत लगेच मात्र उतरत नाही.

सिग्नलवरचा खोळंबा, पदपथाची रुंदी, सावली, रात्रीचा उजेड यांतलं काहीच इथे मोजलं जात नाही. व्हीलचेअर प्रोफाइल आहे, पण पदपथाच्या कडेची उंची आणि चढ यांच्या नोंदी क्वचितच भरलेल्या असतात, म्हणून त्याच्या निकालावर रॅम्पचा निर्णय घेऊ नये.

खरी उणीव वेगळीच. एखादी वाट बंद केली तर काय होईल, हे टाळायचा भाग बहुभुजाने आखून देऊन तपासता येतं. भिंतीत फाटक उघडलं तर काय होईल, हे येत नाही. आणि नियोजनाला नेमकं तेच हवं असतं! त्यासाठी नकाशाची स्थानिक प्रत घेऊन तीत नवी वाट जोडायची आणि डॉकरवर (तयार सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर चालवण्याची सोय) ओपनरूटसर्व्हिसचा स्वतःचा सर्व्हर चालवायचा. (कल्पित वाटा सार्वजनिक नकाशात घुसडू नका.) मोफत सेवेला रोजच्या विनंत्यांची मर्यादा असल्याने अख्ख्या मार्गिकेची स्टेशनं तपासायची असली, तरी स्वतःचा सर्व्हरच बरा. एका स्टेशनच्या प्राथमिक पाहणीला मात्र आहे तेवढं पुरतं.