कनेक्टरचं पेटंट फेटाळलं गेल्यावर: फॉर्म २४ की हायकोर्ट?

पेटंट कार्यालयाने पेटंट कायद्याच्या कलम १५ खाली अर्ज फेटाळला की दोन वाटा उरतात: रिव्ह्यू किंवा अपील. फॉर्म २४ चा रिव्ह्यू, म्हणजे कार्यालयालाच आदेश पुन्हा तपासायला सांगणं, ऑनलाइन भरता येतो, खर्चही कमी. पण मुदत आदेश कळल्यापासून महिनाभराची, फार तर आणखी एक महिना मागता येतो. उपयोग तेव्हाच, जेव्हा चूक ढळढळीत आहे. म्हणजे सुधारित क्लेम (शोधावर नेमका किती हक्क मागतो ते सांगणारी कलमं) दिले होते आणि आदेश जुन्याच क्लेमवर लिहिला गेला. या वाटेला माझ्याकडून पाचपैकी दोन गुण. शिवाय रिव्ह्यू भरला म्हणून अपिलाची मुदत आपोआप थांबत नाही, यात भले भले फसतात.

कलम ११७ए खालचं अपील तीन महिन्यांत. २०२१ मध्ये आयपीएबी, म्हणजे अशी अपिलं ऐकणारं मंडळ, बंद झाल्यापासून ते थेट हायकोर्टात जातं. आदेश मुंबई कार्यालयाचा असेल तर मुंबई हायकोर्टात. तिथे पेटंट एजंट बाजू मांडू शकत नाही, वकीलच लागतो. खर्चाचा मोठा वाटा तोच.

आता कनेक्टरचं, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगचं. आदेश बहुतेक वेळा एकाच छापाचा असतो: एका जुन्या दस्तऐवजात लॅच (जोड अडकवून ठेवणारी खिट्टी), दुसऱ्यात लॅचवरचं सीपीए लॉक (जोड पक्का बसल्याची खात्री देणारं जादा कुलूप), म्हणून दोन्ही जोडणं सहज सुचण्याजोगं, वर कलम ३(एफ), म्हणजे नुसती मांडणी. जोडणं का सुचावं याचं कारण आदेशात नसेल तर अपिलात दम आहे. दिल्ली हायकोर्टाने २०२२ च्या ॲग्रीबोर्ड निकालात हेच कारण लिहायला सांगितलं. ३(एफ)ला उत्तर भागांच्या परस्परसंबंधात असतं: लॅच पूर्ण बसून वाकलेली जीभ मोकळी झाल्याशिवाय सीपीए पुढे सरकतच नाही, म्हणजे दोन्ही भाग सुटे काम करत नाहीत. पण हे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या वर्णनात, लिहिलेलं हवं. जिभेचा उतार, लॅचशी अंतर, घालायला लागणारा जोर यातलं काहीच तिथे नसेल तर कलम ५९ मुळे नंतर घुसडता येत नाही. अपील बहुधा इथेच मरतं, वकील कितीही नामांकित असो.

जिंकलात तरी लगेच पेटंट मिळेल असं धरू नका. अनेकदा आदेश रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीला कार्यालयात परत येतं. तरी अपिलाला साडेतीन गुण.

अर्ज फेटाळला जाण्याआधी कार्यालयात होणाऱ्या सुनावणीनंतरच्या १५ दिवसांत द्यायचं लेखी म्हणणं मात्र हलक्यात घेऊ नका. चाचणीचे आकडे, लॅचच्या छेदाची आकृती आणि प्रत्येक आक्षेपाला वेगळं उत्तर तेव्हाच द्या. अपिलात वकील मुख्यतः त्याच कागदांवर बोट ठेवतो.