क्यू१० कॅप्सूल: माल ठीक, जाहिरात फेकाफेक

क्यू१० म्हणजे पेशींना एनर्जी बनवायला लागणारा एक पदार्थ, त्याच्या या कॅप्सूल. ब्रँड सोडा, या टाइपच्या बहुतेक डब्यांवर तेच असतं, "रक्तवाहिन्यांना मायटोकॉन्ड्रियल एनर्जी". माल म्हणाल तर ठीकय. १०० एमजीची सॉफ्टजेल, आत तेल, आणि ते हवंच कारण क्यू१० पाण्यात विरघळत नाही, म्हणून जेवणासोबतच घ्यायची. साइज जरा मोठी, वास नाही.

आता ती एनर्जी. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी एनर्जीसाठी मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीतल्या एनर्जी बनवणाऱ्या बारीक भागांवर, फारशा अवलंबूनच नसतात, बरंचसं ग्लुकोज फोडूनच भागवतात. हार्टच्या स्नायूपेशीत साधारण एक तृतीयांश जागा मायटोकॉन्ड्रियाची, या अस्तराच्या पेशीत जेमतेम २ ते ६ टक्के. मग इथे मायटोकॉन्ड्रिया करतात काय, तर मुख्यतः सिग्नल देतात. हाय बीपी, शुगर, सिगरेट यांनी ते बिघडले की त्यांच्यातून इलेक्ट्रॉन जास्त गळायला लागतात, ते ऑक्सिजनला मिळून सुपरऑक्साइड होतो आणि तो नायट्रिक ऑक्साइडला संपवत सुटतो. आणि वाहिनीला सैल ठेवणारा रेणू नेमका हा नायट्रिक ऑक्साइडच, तो घटला की वाहिनी आखडते, अस्तर सुजतं, पुढे प्लाक, म्हणजे चरबीचा थर, धरायला रान मोकळं. म्हणजे इथे खरं दुखणं गळतीचं आहे, पण डब्यावर गळती छापली तर घेणार कोण!

कल्पना अगदीच टाकाऊ नाही हां. क्यू१० हेच इलेक्ट्रॉन पुढे पोचवतो, शरीर स्वतःच तो बनवतं, आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) घेणाऱ्यांच्या रक्तात तो कमी होतो हेही खरंय. २०१८ मध्ये मायटोक्यूची, म्हणजे मुद्दाम मायटोकॉन्ड्रियात जाऊन साठेल असा बनवलेला याचाच भाऊबंद, छोटी ट्रायल आली होती, २० वयस्कर माणसं, ६ आठवडे, दंडाच्या धमनीचं फुलणं ४२ टक्क्यांनी सुधारलं. पण रेणू वेगळा, माणसं २०, आणि हार्ट अटॅक कमी होतात का हे त्यातून कळायचा प्रश्नच नाही. या कंपनीने मात्र पेजवर ४२ टक्के ठळक टाकून खाली साधा क्यू१० विकायला ठेवलाय, ही शुद्ध चलाखी.

मला फरक जाणवला का? नाही. धमनीचं अस्तर सुधारलं तरी ते आतून जाणवणार कसं, त्यामुळे "लगेच फ्रेश वाटलं" लिहिणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं.

वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, त्या गोळीचा असर कमी होऊ शकतो, आणि ही सूचना डब्यावर इतकी बारीक आहे की भिंग लागेल.

कॅप्सूलला ४ स्टार, जाहिरातीला १. परत मागवणार नाहीये.