टेकडी वाचवायची असेल तर काय मागावे: आरक्षण, झोन, कडेचे अंतर की राखीव वन?

शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की टेकडीलगतच्या रहिवाशांपुढे पहिला प्रश्न येतो तो हरकतीत नेमके काय मागायचे हा. ‘टेकडी वाचवा’ एवढे लिहून भागत नाही, कारण कायद्यातील प्रत्येक तरतुदीचे बळ वेगळे आणि तिची गळतीची जागाही वेगळी असते.

सर्वांत परिचित मार्ग आरक्षणाचा, म्हणजे जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवण्याचा. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजे बीडीपीसाठी, राखून ठेवण्यात आले. राज्य सरकारने २०१५ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरवला. जमीनमालकांना तो अपुरा वाटला आणि जागा ताब्यात येण्याचे काम रखडले. येथेच आरक्षणाचा मोठा धोका दिसतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना बजावू शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणजे खासगी टेकडीवर आरक्षण मागताना पैसा किंवा मालकाला पटेल असा टीडीआर कोठून येणार, हेही त्याच हरकतीत मागावे लागते. नाहीतर नकाशावरचा हिरवा रंग मुदतीपुरताच टिकतो.

डोंगरमाथा-डोंगरउतार झोनचे तसे नाही. झोन हा जमिनीच्या वापरावरचा निर्बंध असल्यामुळे त्यात संपादनाची अट नसते आणि कलम १२७ चे घड्याळ त्याला लागू होत नाही. त्याची किंमत मात्र वेगळ्या प्रकारे मोजावी लागते: पुण्यात या झोनमध्ये भूखंडाच्या क्षेत्राच्या ४ टक्क्यांपर्यंत बांधकामाची मुभा राहिली, आणि थोड्या बांधकामालाही रस्ता, पाणी व सांडपाण्याची वाहिनी लागतेच. शिवाय त्याच अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये फेरबदल करून सरकार झोनच्या तरतुदी सैल करू शकते. तरीही महापालिकेची तिजोरी रिकामी असेल तेथे मी आरक्षणापेक्षा झोनच निवडेन, फक्त ती मुभा काढून टाकण्याची मागणी आग्रहाने करेन.

टेकडी वाचली तरी तिची कड खचते, याकडे बहुतेक हरकतींत दुर्लक्ष होते. पायथ्याशी उंच इमारती उभ्या राहिल्या की उतार तोडून संरक्षक भिंती येतात, ओढ्यांची तोंडे बुजतात, राडारोडा वर ढकलला जातो आणि रात्रभराच्या दिव्यांनी पाखरांचा अधिवास आक्रसतो. टेकडीपासून १०० फुटांपर्यंत बांधकामास मज्जाव करणारी पुण्यातील तरतूद यासाठीच मोलाची आहे. तिच्यासाठी भूसंपादन लागत नाही. पण पायथ्याची रेषा मोजणी करून नकाशावर पक्की केली नसेल, तर शंभर फूट कोठून मोजायचे यावरच वाद रंगतो.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानालगत असाल तर पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे जंगलाभोवती आखलेल्या संरक्षक पट्ट्याचा, आधार मिळतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती असे क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि त्याची रुंदी काही ठिकाणी १०० मीटर, तर काही ठिकाणी ४ किलोमीटर आहे. दगडखाणींना त्यात मनाई आहे, घरबांधणी मात्र सरसकट बंद नसून नियंत्रित आहे, त्यामुळे बिल्डरला रोखण्याचे साधन म्हणून एकट्या त्यावर विसंबू नये.

जमीन सरकारी असेल तर या सर्वांपेक्षा राखीव वनाचा आग्रह धरावा. मुंबईच्या आरे वसाहतीतील ८१२ एकर जागेबाबत राज्य सरकारने २०२० मध्ये हाच मार्ग धरला. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४ खालील अधिसूचना ही केवळ सुरुवात असते. तेथील आदिवासींचे हक्क ठरवून कलम २० ची अंतिम अधिसूचना निघेपर्यंत पाठपुरावा करावा लागतो.

त्यामुळे हरकत लिहिण्याआधी सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढून मालकी तपासावी. खासगी जमिनीसाठी झोन आणि कडेचे अंतर एकत्र मागावे, आरक्षण मोबदल्याची तरतूद दिसत असेल तरच मागावे, आणि अर्जासोबत उताराचा समोच्च (समान उंचीच्या रेषा दाखवणारा) नकाशा व ओढ्यांच्या नोंदी जोडाव्यात, म्हणजे सुनावणीत बोलायला ठोस आधार राहील.